प्रमेयाला थ्रेड नसतात

ग्राफ-पुनर्लेखनावर उभ्या असलेल्या भाषा आणि रनटाइम यांच्याविषयी बोलताना एक युक्तिवाद हल्ली फार सहज केला जातो. या प्रणालींचे नियम संगमी आहेत, म्हणजे ते कुठल्याही क्रमानं लावले तरी शेवटी उत्तर एकच येतं, आणि हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. तेव्हा थ्रेड चार असोत की चार हजार, निकाल ठरलेलाच. मग समांतर चालण्याच्या वेगळ्या चाचण्या कशाला लिहायच्या? सुंठीवाचून खोकला गेला!

2024 च्या मे महिन्यात बेन्ड ही भाषा आणि तिच्या खालचं एचव्हीएम-2 हे रनटाइम लोकांपुढे आलं. साधा, पायथनसारखा दिसणारा प्रोग्राम जीपीयूच्या हजारो थ्रेडवर पसरतो हे पाहून अनेकांचे डोळे विस्फारले. तोवर लॅम्डा कॅल्क्युलसवाल्यांच्या लहानशा वर्तुळात फिरणारा हा युक्तिवाद त्यानंतर सर्वसाधारण प्रोग्रामरांच्या तोंडीही येऊ लागला. माझा वाद ती भाषा बनवणाऱ्यांशी नाही. त्यांचं काम पाहून जो आळशी निष्कर्ष काढला जातो, त्याच्याशी आहे. प्रमेय चाचणीतून सुटका देत नाही. उलट इतर समांतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना जे कधीच मिळत नाही असं हत्यार ते चाचणी लिहिणाऱ्याच्या हाती देतं. ते हत्यार न उचलता प्रमेयाची तसबीर भिंतीवर टांगायची आणि तिला हात जोडायचे, असा सध्याचा प्रकार आहे.

आधी प्रमेय काय म्हणतं ते नीट पाहू, कारण त्याची ताकद कमी लेखण्याचा माझा इरादा नाही. इव्ह लाफों यांनी 1990 मध्ये इंटरॅक्शन नेट मांडले. या जाळ्यातल्या प्रत्येक नोडला एक मुख्य पोर्ट असतो आणि बाकीचे दुय्यम. दोन नोड एकमेकांना मुख्य पोर्टांनी जोडलेले असतील तरच नियम लागू होतो. अशा जोडीला सक्रिय जोडी म्हणतात. नोडला मुख्य पोर्ट एकच, म्हणून एक नोड एका वेळी एकाच सक्रिय जोडीत असू शकतो. दोन वेगळ्या सक्रिय जोड्यांमध्ये सामायिक नोड असणं शक्यच नाही. आधी ही सोडवा किंवा ती, दोन पायऱ्यांनंतर तुम्ही त्याच जाळ्यापाशी पोचता. लाफों यांनीच 1997 मध्ये दाखवून दिलं की गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन अशी तीन चिन्हं आणि सहा नियम एवढ्यावर सगळी गणनक्षमता उभी राहते.

यातून निघणारा निष्कर्ष ‘उत्तर एकच येतं’ याहून बराच मोठा आहे, आणि तोच नेमका दुर्लक्षिला जातो. जाळं पूर्णपणे सुटणारं असेल तर ते कुठल्याही क्रमानं सोडवा, एकूण पायऱ्यांची संख्या तीच येते. एवढंच काय, कुठला नियम किती वेळा लागला हेही बदलत नाही. याकडे पुढे परत यायचंच आहे.

आता प्रमेय कशाबद्दल बोलत नाही ते पाहू. प्रमेयातली एक पायरी अखंड असते: जोडी होती, आता तिच्या जागी नवी रचना आहे, मधली अवस्था नाही. यंत्रावर तीच पायरी म्हणजे स्मृतीतली डझनभर वाचनं आणि लेखनं. दोन सक्रिय जोड्यांत नोड सामायिक नसतो हे खरं, पण त्यांच्यामधली तार सामायिक असते, आणि नेमकं इथंच घोडं पेंड खातं. शेजारच्या दोन घरमालकांनी एकाच दिवशी आपापलं घर पाडायला काढावं, दोघांचे नकाशे मंजूर असावेत आणि मधल्या सामायिक भिंतीचा विचार कुणीच केलेला नसावा, तशी ही गत आहे.

उदाहरण घेऊ. पहिल्या जोडीच्या एका दुय्यम पोर्टापासून निघालेली तार दुसऱ्या जोडीच्या दुय्यम पोर्टात जाते. पहिली जोडी एक थ्रेड सोडवतोय, दुसरी दुसरा. दोघांनाही आपापलं टोक पलीकडे जे काही असेल त्याला जोडायचं आहे. हे सहसा स्मृतीतल्या एका सामायिक खान्यातून होतं. जो आधी पोचेल त्यानं आपल्या टोकाचा पत्ता तिथं ठेवून निघून जायचं. जो नंतर येईल त्यानं तो पत्ता उचलून जोडणी पुरी करायची. हे अणुवत अदलाबदलीनं केलं, म्हणजे जुनी किंमत घेणं आणि नवी ठेवणं एकाच अविभाज्य कृतीत उरकलं, तर सगळं ठीक. पण तेच ‘खाना वाच, रिकामा असेल तर लिही’ असं दोन तुकड्यांत लिहिलं की दोन्ही थ्रेड रिकामा खाना वाचतात, दोघेही लिहितात, आणि नंतरचा आधीच्याला पुसून टाकतो. यालाच रेस म्हणतात. जाळ्याचा एक तुकडा मग कुठंच न जोडलेला, हवेत लोंबकळत राहतो. त्यातून उद्या तयार होणारी सक्रिय जोडी कधीच तयार होत नाही.

यानंतर प्रोग्राम कोसळला तर नशीबच म्हणायचं. पण तो कोसळेलच असं नाही. हरवलेला तुकडा पुढे एप्सिलॉनच्या हाती, म्हणजे पुसला जाण्यासाठीच जाणार होता असं समजा. मग छापलेलं उत्तर अगदी बरोबर येतं! निकालाची तुलना करणारी चाचणी हिरवा दिवा दाखवते, आणि रनटाइम मात्र दर वेळी थोडी स्मृती गिळत राहतं. एखाद्या दिवशी तो तुकडा पुसला जाणारा नसून उत्तराचाच भाग असतो, आणि त्या दिवशी ‘हे शक्यच नाही, आमचे नियम संगमी आहेत’ असं उत्तर ऐकायला मिळतं.

यावर पहिला बचाव ठरलेला आहे: हा अंमलबजावणीतला दोष झाला, प्रणालीचा नव्हे. मान्य. पण वापरणारा प्रणाली चालवत नाही, अंमलबजावणीच चालवतो. जॉन बेंटली यांच्या पुस्तकात बायनरी सर्चची बरोबर असल्याची सिद्धता होती, आणि तीच पद्धत जावाच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं होती. 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी तिच्यातली चूक जाहीर केली: मधला घटक काढताना केलेली बेरीज 32 बिटांत मावत नव्हती. सिद्धता पूर्णांकांबद्दल होती आणि यंत्रात पूर्णांक नव्हते, त्यांचे 32 बिटांचे प्रतिनिधी होते. सिद्धता थेट कोडपर्यंत नेता येत नाही असं मुळीच नाही. सेल4 या कर्नलची सिद्धता 2009 मध्ये पुरी झाली. सुमारे 8,700 ओळींच्या सी कोडसाठी दोन लाखांच्या आसपास ओळींची सिद्धता लिहावी लागली. आणि एवढी मेहनत करूनही ती एकाच कोअरपुरती होती. समांतर चालण्याचा प्रश्न तिथं जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. ज्यांनी खरोखर कोडची सिद्धता केली ते इतके जपून बोलतात, आणि ज्यांनी फक्त नियमांची सिद्धता वाचली आहे ते ‘रेस अशक्य आहे’ म्हणून मोकळे होतात.

दुसरा बचाव जास्त प्रामाणिक असतो, म्हणून त्याला जास्त जागा देतो. ‘आम्ही चाचण्या करतो की. तोच प्रोग्राम हजार वेळा चालवतो, दर वेळी तेच उत्तर येतं.’ हजार हा आकडा ऐकायला भरघोस आहे. पण दोन थ्रेड, प्रत्येकाच्या फक्त दहा पायऱ्या, एवढ्यावरच त्या पायऱ्या एकमेकींत गुंफण्याचे 1,84,756 प्रकार होतात. थ्रेड तीन केले तर हा आकडा साडेपाच लाख कोटींच्या वर जातो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्यूलर या ढिगातून चिठ्ठ्या उचलत नाही. त्याच यंत्रावर, त्याच भारात, तो पुन्हा पुन्हा जवळपास त्याच त्या वाटांनी जातो. हजार वेळा चालवणं म्हणजे बऱ्याचदा एकच वाट हजार वेळा तुडवणं.

या दलदलीतून वाट काढण्याचं शास्त्र तयार आहे आणि ते जुनंही झालं आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये मदनलाल मुसुवती आणि शाझ कादिर यांनी 2007 च्या सुमारास चेस हे साधन घेऊन एक वाट दाखवली: शेड्यूलर स्वतःच्या ताब्यात घ्यायचा आणि जबरदस्तीच्या थ्रेडबदलांची संख्या एक, दोन अशी मर्यादित ठेवून त्यातल्या साऱ्या शक्यता धुंडाळायच्या. बहुतेक बग एवढ्यातच सापडतात. 2010 मध्ये बुर्कहार्ट, मुसुवती आणि सहकाऱ्यांनी संभाव्यतेवर आधारलेली पद्धत मांडली आणि तिच्यासोबत एक हमीही दिली. थ्रेड n, पायऱ्या k आणि बग घडण्यासाठी किती घटनांचा क्रम नेमका जुळावा लागतो ती खोली d, तर एका फेरीत तो बग सापडण्याची शक्यता किमान 1/(n × k चा d−1 वा घात) इतकी. चार थ्रेड, दहा हजार पायऱ्या आणि खोली दोन असेल तर चाळीस हजारांत एक. ही वाईटातली वाईट स्थिती आहे, प्रत्यक्षात बरं चित्र दिसतं. पण निदान काहीतरी हमी आहे. ‘हजार वेळा चालवलं’ यामागे कसलीच हमी नाही. रस्टमध्ये लिहिणाऱ्यांसाठी लूम आणि शटल ही साधनं फुकट उपलब्ध आहेत. पहिलं लहान तुकड्याच्या शक्यता पद्धतशीर तपासतं, दुसरं मोठ्या तुकड्यावर यादृच्छिक शेड्यूल चालवतं आणि अपयशी ठरलेलं शेड्यूल जपून ठेवतं, म्हणजे सापडलेला बग पुन्हा घडवून आणता येतो. तारजोडणीचं ते अदलाबदलीचं फंक्शन पन्नासएक ओळींचं असतं. ते लूमखाली न घालण्याला कुठलंही सबळ कारण मला दिसत नाही.

आणखी एक खोड सांगायची राहिली. एक थ्रेड नवा नोड स्मृतीत लिहितो आणि मग त्याचा पत्ता सामायिक खान्यात ठेवतो. एक्स86 प्रोसेसर ही दोन लेखनं त्याच क्रमानं इतरांना दिसू देतो (कंपायलरनं त्यांची उलटापालट केली नसेल तर). एआरएमवर तशी सक्ती नाही: दुसऱ्या थ्रेडला पत्ता आधी दिसू शकतो आणि नोडचा मजकूर नंतर. म्हणजे इंटेलच्या लॅपटॉपवर वर्षभर सुखानं चाललेलं रनटाइम ॲपलच्या एम मालिकेवर किंवा ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटनवर गेलं की कचरा वाचू लागतं. जीपीयूवर ही शिस्त आणखी सैल असते. यातलं काहीही लाफों यांच्या प्रमेयाच्या कक्षेत येत नाही, आणि यावंही असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता तिसरा मुद्दा, जो खरं तर गोंधळ आहे. इंटरॅक्शन नेटचा गुण सरसकट सगळ्या ग्राफ-पुनर्लेखनाला चिकटवला जातो. एरिग, फेंडर आणि श्नायडर यांनी 1973 मध्ये ज्या बीजगणिती पद्धतीचा पाया घातला, तिच्यात नियमांची डावी बाजू कुठलाही ग्राफ असू शकते, आणि दोन नियम एकाच नोडवर हक्क सांगू शकतात. तिथं संगम आपोआप मिळत नाही, सिद्ध करावा लागतो. पदांच्या पुनर्लेखनात, प्रणाली थांबणारी असेल तर कनूथ आणि बेंडिक्स यांच्या 1970 च्या पद्धतीनं हे यांत्रिकपणे ठरवता येतं: नियम जिथं एकमेकांवर चढतात त्या जोड्या काढा आणि प्रत्येक जोडी पुन्हा जुळते का पाहा. ग्राफच्या बाबतीत डेटलेफ प्लुम्प यांनी 1993 मध्ये दाखवलं की थांबणाऱ्या प्रणालींचासुद्धा संगम सर्वसाधारणपणे ठरवणं अशक्य आहे. तशी कुठली पद्धत असूच शकत नाही. आणि थांबण्याची खात्री नसेल तर स्थानिक संगमावर, म्हणजे एकेका पायरीचे फाटे पुन्हा जुळतात एवढ्यावर, विसंबताही येत नाही. स्थानिक संगमावरून पूर्ण संगमाकडे नेणारा न्यूमन यांचा 1942 चा सिद्धांत थांबण्याच्या अटीवरच उभा आहे. ब पासून अ कडे किंवा क कडे जाता येतं, क पासून ब कडे किंवा ड कडे, एवढ्या चार अवस्थांत प्रत्येक फाटा पुन्हा जुळवता येतो आणि तरीही शेवट दोन होतात, अ आणि ड. तेव्हा स्वतःचे नियम असलेलं ग्राफ-पुनर्लेखनाचं साधन कुणी ‘निश्चित’ म्हणून पुढे केलं, तर सिद्धता मागणं हा उद्धटपणा ठरत नाही.

शिवाय निश्चितता म्हणजे नेमकी कशाची? हॅस्केलचा जीएचसी कंपायलर ग्राफ-रिडक्शनच्या परंपरेतलाच. टिम हॅरिस, सायमन मार्लो आणि सायमन पेटन जोन्स यांनी 2005 मध्ये त्याच्या बहुप्रोसेसर रनटाइमचं वर्णन केलं तेव्हा एक निवड उघडपणे मांडली: न सुटलेल्या प्रत्येक नोडवर लॉक लावायचं नाही. क्वचित दोन थ्रेड तेच काम दोनदा करतील, पण प्रोग्राम शुद्ध असल्यानं उत्तर तेच येईल. निवड शहाणपणाची होती. पण तिचा परिणाम असा की तिथं उत्तर निश्चित, कामाचं प्रमाण मात्र अनिश्चित. आणि शुद्धतेच्या आवरणाखाली कुणी बाह्य परिणाम दडवला तर तो दोनदा घडू नये म्हणून रनटाइमला वेगळी काळजी घ्यावी लागते. जीएचसीवर ‘पायऱ्यांची संख्या दर वेळी सारखी आली पाहिजे’ अशी चाचणी लावली तर ती निर्दोष रनटाइमला दोषी ठरवेल. इंटरॅक्शन नेटवर तीच चाचणी लावली नाही तर दोषी रनटाइम सुटून जाईल. चाचणी कुठली लावायची हे प्रमेय सांगतं. चाचणी लावूच नका असं ते कुठं सांगतं?

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र निखालस खरा आहे, तो नोंदवतो. समांतर बेरजेत दशांश संख्यांची उत्तरं दर वेळी शेवटच्या अंकात बदलतात ही रोजची डोकेदुखी आहे. 0.1, 0.2 आणि 0.3 यांतले पहिले दोन आधी मिळवले की दुहेरी अचूकतेत 0.6000000000000001 येतं, शेवटचे दोन आधी मिळवले की 0.6. इंटरॅक्शन नेटमध्ये कंस कुठं पडतात हे जाळ्याच्या रचनेत कोरलेलं असतं. थ्रेड कितीही असोत, ते कंस हलवू शकत नाहीत. त्यामुळे शेवटच्या बिटापर्यंत तेच उत्तर मागण्याचा हक्क इथं खरोखर आहे. म्हणूनच चाचणीत ‘जवळपास सारखं’ अशी सूट देणं ही मला या प्रणालीशी केलेली बेइमानी वाटते. एका बिटाचा फरक आला तरी तो बगच.

मग हत्यार उचलायचं म्हणजे काय करायचं? सहा नियमांचे सहा मोजक ठेवायचे. तोच प्रोग्राम एका थ्रेडवर पूर्ण सोडवायचा, मग आठ थ्रेडवर वेगवेगळ्या ताब्यातल्या शेड्यूलखाली, आणि सहाही आकडे तंतोतंत जुळतात का पाहायचं. वर सांगितलेला हरवलेल्या तुकड्याचा बग इथं पकडला जातो: उत्तर बरोबर असलं तरी पुसण्याच्या पायऱ्या कमी पडतात. दुसरा ताळा नोडच्या संख्येचा. लाफों यांच्या सहा नियमांत तीन नियम दोन्ही नोड नाहीसे करतात, एक नियम दोनाचे चार करतो, आणि पुसण्याचे उरलेले दोन नियम दोनाचे दोनच ठेवतात. म्हणून शेवटची नोडसंख्या ही सुरुवातीच्या संख्येत चार करणाऱ्या पायऱ्यांची दुप्पट मिळवून आणि नाहीशा करणाऱ्या पायऱ्यांची दुप्पट वजा करून जी येईल तीच असली पाहिजे. दोन थ्रेडनी एकच जोडी रांगेतून दोनदा उचलली की हा ताळा चुकतो. तिसरी तपासणी, शेवटी सगळी स्मृती एकदा चाळायची: प्रत्येक तारेला दोन टोकं आहेत का, ती एकमेकांकडेच बोट दाखवतात का, आणि न सुटलेली एखादी सक्रिय जोडी मागे राहिली आहे का. हा शेवटचा प्रश्न वाटतो त्याहून मोलाचा आहे, कारण ‘काम संपलं’ हे ठरवणं समांतर रनटाइममध्ये नाजूक असतं. सगळ्या रांगा रिकाम्या दिसतात, थ्रेड घरी जातात, आणि त्याच क्षणी एकाच्या हातात अजून रांगेत न टाकलेली जोडी असते.

दोन निकालांची तुलना करणंही इथं स्वस्त आहे. सर्वसाधारण ग्राफ सारखे आहेत का हे ठरवण्याची बहुपदी वेळेतली पद्धत आजही माहीत नाही. लास्लो बाबाई यांची 2015 ची कामगिरी तिच्या बरीच जवळ गेली, तिथवर पोचली नाही. पण इंटरॅक्शन नेटमधल्या पोर्टांना क्रम असतो. मुळापासून निघायचं, पोर्टांच्या क्रमानं चालायचं, भेटतील तसे नोडला क्रमांक द्यायचे. स्मृतीत नोड कुठल्याही पत्त्यावर पडलेले असोत, दोन याद्या जुळल्या की जाळी सारखी. वेळ जाळ्याच्या आकाराच्या प्रमाणात. मुळापासून पोचता न येणारा कचरा या यादीत दिसत नाही, त्यासाठीच वरचे ताळे हवेत.

एका जागी मात्र मोजक निरुपयोगी ठरतात, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रोग्रामचा टाकून द्यायचा भाग कधीच न संपणारा असेल, तर गरजेपुरतंच सोडवणारं रनटाइम उत्तर देऊन मोकळं होतं आणि दिसेल ते सोडवणारं रनटाइम फिरतच राहतं. दोघंही प्रमेय पाळतात, कारण त्या जाळ्याला पूर्ण सुटलेलं रूपच नाही. ‘संगमी आहे म्हणजे उत्तर येणारच’ असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः चालवून पाहावं.

हे सगळे ताळे आणि तपासण्या लिहायला एका जाणत्या माणसाला फार वेळ लागू नये. बँकेचे व्यवहार किंवा रेल्वेचं आरक्षण यांसारख्या समांतर प्रणालीवर काम करणाऱ्याला विचारा, बरोबर उत्तर कुठलं हेच तिथं अनेकदा ठरवता येत नाही, कारण दोन क्रम दोन वेगळी पण वैध उत्तरं देतात. इथं प्रत्येक वैध क्रमाला एकच उत्तर, एकच पायऱ्यांची संख्या, नियमागणिक एकच आकडा. एवढी श्रीमंती असताना चाचण्यांच्या फोल्डरात छापलेल्या उत्तरांची तुलना तेवढी सापडावी, हे अक्षम्य आहे.

तेव्हा असं रनटाइम लिहिणाऱ्यांना एक विनंती. तारजोडणीतली ती अणुवत अदलाबदल मुद्दाम मोडा, तिच्या जागी साधं वाचन आणि लेखन ठेवा, आणि आपला सगळा चाचणीसंच चालवा. एकही चाचणी लाल झाली नाही, तर ती लाल होईपर्यंत आपल्या वर्णनातून ‘निश्चित’ हा शब्द काढून ठेवा.